दोरीवरचे कपडे

सिनेमातल्या माणसांना बाबा कधी अहो-जाहो करत नाहीत. नायिका असो, खलनायक असो, नाहीतर साक्षात देवीच्या भूमिकेतली बाई असो, 'ही आता रडणार बघ', 'हा आता मरतोय' एवढंच. म्हणूनच गेल्या गणपतीत ते जे बोलले ते माझ्या कानाला खटकलं. दीड दिवसाचं विसर्जन करून आम्ही सगळे पाचपाखाडीच्या घरी परतलो होतो. रिकाम्या मखरातली दिव्यांची माळ अजून लुकलुकत होती, दारात भिजलेल्या चपलांचा ढीग होता, घरभर कापूर आणि ओल्या गालिच्याचा मिळून एक कुबट वास भरला होता. कोणीतरी टीव्ही लावला आणि अर्थातच 'अशी ही बनवाबनवी' चालू होता, भाड्याच्या जागेसाठी चार मित्रांपैकी दोघं साड्या नेसून बायका होतात तो. तो कुठल्या ना कुठल्या चॅनलवर चालू असतोच. माझा मुलगा यंदा दहावीत आहे आणि सध्या त्याला प्रत्येक गोष्टीत तर्क लागतो. तो म्हणाला, "पण त्या घरमालकीण लीलाबाईंना कळत कसं नाही? एकाच घरात राहतात ना सगळे? आवाज, दाढी, हाताचे पंजे... दिसत नाही का त्यांना?" सगळे हसले. बाबा रिकामा तांब्या घेऊन स्वयंपाकघराकडे निघाले होते. जाता जाता म्हणाले, "त्यांना माहीत होतं."

त्यांना.

बाकी कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. आमच्याकडे या सिनेमावरचा वाद सत्यनारायणाच्या पोथीसारखा आहे, अध्याय ठरलेले आणि वाचणारेही ठरलेले. पहिला मान काकांचा. काका ठाणे कोर्टात चाळीस वर्षं वकिली करून निवृत्त झाले. विश्वासराव सरपोतदार या माणसावर अख्ख्या महाराष्ट्राने अन्याय केला आहे, असं त्यांचं मत आहे. "घरमालकाला खलनायक करणं फार सोपं असतं. त्याची बाजू कोणी बघितली?" असं म्हणून ते सुरू होतात. १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा. भाडं १९४० च्या सप्टेंबरला जे होतं तिथेच खिळा ठोकून बसलेलं. मग १९७३ ची दुरुस्ती, त्या फेब्रुवारीच्या एक तारखेला जो कोणी लायसन्सवर राहत होता तो एका रात्रीत संरक्षित भाडेकरू झाला. "मालक रात्री झोपला तेव्हा त्याच्या घरात पाहुणा होता, सकाळी उठला तर जावई!" हे काकांचं ठरलेलं वाक्य, आणि यावर ते स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसतात. तेव्हापासून मालकमंडळी जी धास्तावली ती धास्तावलीच. अकरा महिन्यांचा करार, एकटा असशील तर एकटाच राहा, रात्री-अपरात्री कोणी दारात उभं राहून 'धनंजय माने इथेच राहतात का?' म्हणून गळा काढायचा नाही. सरपोतदाराची कटकट दिसते ती कटकट नाहीच, ती कायद्याची भीती आहे, असं काकांचं म्हणणं. आणि मग शेवटचा मुद्दा, बोट वर करून: "त्याचे सत्तर रुपये कोणी परत केले? सांगा! औषधाच्या नावाखाली मधुमेही माणसाकडून घेतलेले सत्तर रुपये वारले म्हणे. शेवटी सगळ्यांची लग्नं जमतात, सगळे फोटोत हसतात. त्या माणसाचं काय?" दरवर्षी हा प्रश्न अनुत्तरित राहतो, कारण तोपर्यंत कोणीतरी 'लिंबू कलरची साडी' म्हणतं आणि सभा उधळते.

आत्याची बाजू वेगळी. तिच्या मते प्रश्नच चुकीचा आहे. ज्या महाराष्ट्राने बालगंधर्वांच्या साड्या बघून आपल्या साड्या निवडल्या, त्यांच्यासारखा अंबाडा घातला, त्यांच्यासारखी नथ घडवून घेतली, त्याने 'बाईला कळलं कसं नाही' असं विचारावं? कळत होतं की. कळून न कळल्यासारखं करायचं, यालाच नाटक बघणं म्हणतात. 'मोरूची मावशी' बघायला लोक जायचे ते काय मावशी शोधायला? शिवाय पटकथा-संवाद वसंत सबनिसांचे. वगनाट्यात मुरलेला माणूस, त्याला प्रेक्षक किती गिळू शकतो ते बरोबर ठाऊक. आत्या मराठीची शिक्षिका होती, त्यामुळे तिच्या बोलण्याला आपोआप एक खडूचा वास येतो. हृषीकेश मुखर्जींचा १९६६ चा हिंदी 'बीवी और मकान', त्याच्याही आधी १९५५ चा बंगाली 'जय माँ काली बोर्डिंग', अशी वंशावळ तिला पाठ आहे. म्हणजे 'कळलं कसं नाही' हा प्रश्न बंगालीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत आला आणि तीन भाषांतल्या प्रेक्षकांनी तो आनंदाने पुढे ढकलला. आता माझा मुलगा त्याचं उत्तर मागतोय, तर मागू दे बापडा.

मला स्वतःला या सिनेमातला दुसराच धागा छळतो. पार्वतीला दिवस गेले आहेत म्हणून डोहाळजेवण होतं, हिरवी साडी, फुलांचे दागिने, गाणं. मग नवव्या महिन्यात काय करणार होते? कोणाचा काही बेत होता का? आईने यावर एकदा 'पाळण्यात उशी' असं उत्तर दिलं होतं. पण खरी गंमत पुढची आहे. माझं डोहाळजेवण नौपाड्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये झालं होतं. मी फुलांच्या झोपाळ्यावर बसलेले, पाय सुजलेले, मोगऱ्याच्या वासाने मळमळत होतं, आणि स्पीकरवर 'कुणीतरी येणार येणार गं' लागलं. पन्नास बायका टाळ्या वाजवून गात होत्या. माझ्या सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मला एकटीलाच डोळ्यांसमोर लक्ष्मीकांत बेर्डे दिसत होते, पदर सावरणारे. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली. पुरुषासाठी गायलेलं खोटं डोहाळगाणं आता महाराष्ट्रातल्या खऱ्याखुऱ्या डोहाळजेवणांत हमखास वाजतं, आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. खोटं इतकं वापरात आलं की त्याचं सोवळं झालं.

आईचा मुद्दा मात्र या सगळ्यांत बारीक. ती वादात उतरत नाही, भांडी विसळता विसळता एकच वाक्य टाकते. "दोरी बघितली असती तर कळलं असतं." म्हणजे काय, असं पहिल्यांदा आम्ही विचारलं तेव्हा तिने आम्हाला मंदबुद्धी असल्यासारखं पाहिलं होतं. दोन जोडपी ज्या घरात राहतात त्या घरात वाळत काय पडतं? किती परकर, किती पोलकी, किती बनियन? बाईमाणूस दुसऱ्याच्या घरात शिरलं की तोंडाने हालहवाल विचारतं आणि डोळ्यांनी दोरी वाचतं. लीलाबाई एवढ्या वयाच्या, एवढ्या घराच्या मालकीणबाई, त्यांनी एकदाही गच्चीकडे मान वर करून बघितलं नसेल? अशक्य. आईच्या या युक्तिवादाला आजवर कोणी खोडून काढू शकलेलं नाही. काकासुद्धा नाहीत.

हा सिनेमा १९८८ चा. आम्ही तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी सहा वर्षांची होते. आई म्हणते मल्हारला पाहिला, बाबा म्हणतात वंदनाला, आणि यावरचं भांडण सिनेमापेक्षा जुनं वाटावं इतकं घासून गुळगुळीत झालंय. मला थिएटर आठवत नाही. मध्यंतरातल्या बटाटावड्याचा कागद तेलाने पारदर्शक झाला होता, आणि बाबा शेवटी हसत नव्हते, एवढंच आठवतं. लहान मुलांना कोण हसत नाही ते बरोबर दिसतं. तेव्हा मला वाटलं होतं, त्यांची सेकंड शिफ्ट चुकली असेल.

ते 'त्यांना' डोक्यातून जाईना. आठवडाभराने बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. परतताना ते म्हणाले, तलावपाळीवर बसू जरा. पाऊस उघडला होता. मासुंदा तलावाचं पाणी शेवाळी, कठड्याला बसलेली कॉलेजची पोरं, घोडागाडीच्या दिव्यांचा लखलखाट, भाजक्या शेंगांचा धूर. डोळ्यांत औषध घातल्यामुळे बाबांना सगळं धूसर दिसत होतं, तरी कठड्याशी अंदाज घेत ते बरोबर एका जागी जाऊन बसले. "इथे मी फार बसलोय," म्हणाले. माहीत होतं मला. तळ्याकाठी बाबांनी तरुणपणी बराच वेळ काढला हे ऐकून होते. का काढला, हे कधी विचारलं नव्हतं.

मग मी विचारलंच. "बाबा, 'त्यांना माहीत होतं' म्हणालात ना त्या दिवशी. कोणाला?"

बाबा चिपळूणहून ठाण्यात आले ते १९७६ साली. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत चिकटले. खारकर आळीत एका वाड्यात मागच्या बाजूला दहा बाय दहाची खोली मिळाली. मालकीणबाई विधवा, नऊवारी नेसणाऱ्या, दिवसभर पडवीत बसून वाती वळायच्या. अट एकच: एक माणूस. पाहुणा आला तर दोन रात्री, तिसऱ्या रात्री त्याने आपली वाट धरायची. बाबा 'हो' म्हणाले आणि पंधरा दिवसांत गावचे दोन मित्र आणून ठेवले. दोघंही त्याच कंपनीत. एकाची फर्स्ट, एकाची सेकंड, एकाची नाइट. खाट एक, गादी एक, तिच्यावर पाळीपाळीने तिघं झोपायचे. गादी म्हणे कधी गारच झाली नाही. तिघांचे युनिफॉर्म खाकी, तिघं सारख्याच अंगकाठीचे, कोकणी काटक. एक मागच्या दाराने निघाला की दुसरा दहा मिनिटांनी आत शिरायचा, खाली मान घालून. पडवीतून बघणाऱ्याला वाटावं एकच माणूस येतोय-जातोय, जरा जास्तच वेळा. अडचण फक्त सुट्टीच्या दिवशी. तिघं एकदम घरी असून चालणार नाही, मग दोघांनी बाहेर काढायचा दिवस. म्हणून तलावपाळी. सकाळी कौपिनेश्वराच्या देवळात, दुपारी तळ्याकाठी, संध्याकाळी स्टेशनवर जाऊन गाड्या बघायच्या. बाबा सांगत होते आणि मी त्यांच्या पायांकडे बघत होते. हा माणूस अजूनही कुठेही बसला तर काठावर बसतो, उठायच्या तयारीत.

"मग त्यांना कळलं कसं?"

"दोरी," बाबा म्हणाले. "एका माणसाच्या दोरीवर रोज तीन खाकी शर्ट. बनियनीही तीन. आम्हाला सुचलंच नाही."

म्हणजे आईचा तो बिनतोड मुद्दा. तिने तो सिनेमा बघून काढलेलाच नव्हता. इतकी वर्षं भांडी विसळता विसळता ती बाबांची गोष्ट सांगत होती, आणि बाबा तांब्या घेऊन स्वयंपाकघरात निघून जात होते.

"काही बोलल्या नाहीत त्या?"

"बोलल्या नाहीत. पहिल्या महिन्याच्या पावतीवर पाण्याचे तीन रुपये होते. दुसऱ्या महिन्याच्या पावतीवर नऊ लिहिले होते." बाबा शेंगांची टरफलं नीट एका पुडीत भरत होते. "मी वाचलं. पैसे दिले."

"विचारलं नाहीत का म्हणून?"

"काय विचारायचं? विचारलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं. मग आम्हाला निघावं लागलं असतं."

मला वाटलं आता बाबा त्या बाईंच्या मोठ्या मनाबद्दल काहीतरी बोलतील. नाही बोलले. मीच म्हणाले, चांगल्या होत्या हो. तर मान हलवली. "चांगल्या-बिंगल्या नाही. हिशेबाला पक्क्या होत्या. गरम पाण्याचे वेगळे घ्यायच्या." जरा वेळाने मात्र त्यांना काहीतरी आठवलं आणि ते एकटेच हसायला लागले. तिघांपैकी एकाला, नाइटवाल्याला, कावीळ झाली होती. चार दिवस तो खोलीत पडून. डोळे हळदीसारखे. मालकीणबाईंनी बाबांना पडवीत थांबवलं. बाबा धडधाकट, नुकतेच आठ तास मशीनवर उभे राहून आलेले. त्यांच्याकडे एकटक बघत त्या म्हणाल्या, "तुम्हाला कावीळ झालीय. तेल-तूप बंद करा. उसाचा रस मागवून ठेवलाय, घेऊन जा." आणि भांडं पुढे केलं.

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी 'हो' म्हणालो."

अडीच वर्षं राहिले तिघं तिथे. लग्न ठरल्यावर बाबांनी खोली सोडली, किल्ली द्यायला गेले, तेव्हाही कोणी काही बोललं नाही. आता तो वाडा नाही. तिथे सात मजली इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान. बाई कधी गेल्या तेही बाबांना कळलं नाही. त्यांना खरंच किती माहीत होतं, तीन आहेत हे पहिल्या दिवसापासून की दोरीमुळे, आणि माहीत असूनही ठेवून का घेतलं, पडवीत एकट्या बसून कंटाळल्या होत्या की पाण्याचे सहा रुपये सुटत होते म्हणून, हे विचारायचं राहिलं. बाबांच्या मते सहा रुपये. "तेव्हा सहा रुपये म्हणजे काही कमी नव्हते," असं त्यांनी दोनदा सांगितलं.

आता मला माझं सांगावं लागेल, कारण गणपतीत सगळे हसत होते तेव्हा मी गप्प होते ती काही बाबांच्या वाक्यामुळेच नाही. ऐरोलीला आमचा एक वन बीएचके आहे. सेक्टर आणि मजला सांगत नाही. हप्ते फेडता फेडता केस पांढरे झाले. नवरा म्हणतो ती आपली पेन्शन आहे. दोन मुलींना भाड्याने दिलाय, एक नाशिकची, एक जळगावची, दोघी तिथल्याच आयटी पार्कात नोकरीला. करार रीतसर नोंदवलेला, पोलिसांकडे माहिती दिलेली, सगळं कायदेशीर, काका खूश होतील असं. गणपतीच्या दोन दिवस आधी खालच्या मजल्यावर गळती होतेय म्हणून सोसायटीतून फोन आला, मी प्लंबरला घेऊन गेले. बाथरूममधल्या पेल्यात चार ब्रश होते. बरं, ब्रश जुने असतात, टाकायचे राहतात. मग बाल्कनीत गेले. कपडे वाळत घालायचा स्टँड उघडा होता, वर छताची दोरीही भरलेली. मी आईची मुलगी. तोंडाने प्लंबरशी बोलत होते आणि डोळ्यांनी वाचत होते. कुर्ते, ट्रॅकपँट, चार गळ्यांत अडकवायच्या कंपनीच्या फिती. दोघींचे कपडे नव्हते ते. चौघींचे होते.

माझ्या मनात आलेली पहिली भावना चांगली नव्हती. मला राग आला, खोटं बोलल्या म्हणून. त्याच्या पाठोपाठ हिशेब आला: चौघींचं पाणी, चौघींची अंघोळ, म्हणून गळती. चार जणी प्रत्येकी एवढे देत असतील तर मला मिळतंय किती? रिक्षात बसून ऐरोली-मुलुंड पुलावर मी मोबाइलवर भागाकार करत होते. खाडीचा खारट वास येत होता, फ्लेमिंगोंचा हंगाम नव्हता, नाहीतर तेही मोजले असते. सिनेमात मी आयुष्यभर त्या चौघांच्या बाजूने हसले. सरपोतदार दिसला की माझ्यातलं पोर टाळ्या वाजवतं. आणि आता, नावावर सव्वाचारशे चौरस फूट आल्याबरोबर, मी काकांच्या बाकावर जाऊन बसले होते, सत्तर रुपये मागत.

गणपतीनंतर सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "मॅडम, तुमच्याकडे नक्की किती मुली राहतात? मेंबर विचारतायत." मी म्हणाले, "दोन. मी स्वतः बघून आले." एवढं सफाईदार खोटं मी कॉलेजातही बोलले नव्हते. का बोलले ते मला सांगता येणार नाही. फोन ठेवल्यावर हात मात्र ओढणीला पुसला.

करार संपत आला म्हणून परवा पुन्हा गेले. भाडं वाढवलं. सांगायला लाज वाटते, नेहमीपेक्षा जरा जास्तच वाढवलं. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि घासाघीस न करता हो म्हणाल्या. बाल्कनीतला स्टँड मिटून भिंतीला लावलेला होता, दोरी रिकामी, फक्त दोन टॉवेल. शहाण्या झाल्यात. जळगावची चहा करायला उठली. कपाटातून तिने पाच कप काढले, क्षणभर थांबली, दोन परत आत ठेवले. नाशिकची माझ्यासमोर सोफ्यावर बसलेली, मोबाइल हातात धरून उगाच हसत. बेडरूमचं दार लोटलेलं होतं. त्याच्या आड कोणीतरी शिंकलं. एकदा, मग दाबून धरलेली दुसरी.

आधणाचा आवाज येत होता. कोणी काही बोलेना.

मी समोर बसलेल्या नाशिकच्या पोरीकडे नीट बघितलं. टवटवीत, नाक कोरडं ठणठणीत. "तुला सर्दी झालीय," मी म्हणाले. "चहात आलं जास्त घालायला सांग. आणि रात्री वाफ घे."

तिने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"हो, मावशी," ती म्हणाली.